चर्चच्या पायऱ्या आणि उचलीची वही : रूथ बंझेल यांचं ‘चिचिकास्तेनांगो’ वाचताना

पीएचडीच्या प्रवेशासाठी लिहिलेले आराखडे चाळले की एक शीर्षक हमखास भेटतं : ‘अमुक गावातील लोकश्रद्धा, परंपरा व खाद्यसंस्कृती : एक चिकित्सक अभ्यास’. गावाचं नाव तेवढं बदलतं. पुढची प्रकरणंही ठरलेली. एकात देवदेवता आणि नवससायास, दुसऱ्यात सण-उत्सव, तिसऱ्यात पदार्थांची यादी, आणि शेवटी ‘आधुनिकीकरणाचा परिणाम’ नावाचं दहा पानी शेपूट. विषय वाईट नाही, उलट फार चांगला आहे. पण श्रद्धा, सण आणि जेवण असे वेगळे कप्पे गावातल्या माणसाच्या डोक्यात नसतात, ते आपल्या अनुक्रमणिकेत असतात. आणि एकदा कप्पे पाडले की कप्प्यांच्या मधून जे वाहतं (जमीन, कर्ज, बापलेकांचं भांडण) ते कुठल्याच प्रकरणात मावत नाही.

हे नुसतं उपदेश म्हणून सांगण्यात अर्थ नाही, म्हणून आज एक जुनं पुस्तक घेऊ. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या गावावरचं. मला ते फार आवडतं आणि माझं त्याच्याशी भांडणही आहे.

पुस्तकाचं नाव ‘चिचिकास्तेनांगो : ग्वातेमालातील एक गाव’. लेखिका रूथ बंझेल. कोलंबिया विद्यापीठात फ्रांझ बोआस यांची सेक्रेटरी म्हणून त्या आधी काम करत होत्या. १९२४ मध्ये रूथ बेनेडिक्ट यांच्यासोबत न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांकडे गेल्या आणि तिथून मानववंशशास्त्रज्ञ होऊनच परतल्या. पुएब्लो कुंभारणींवरचं त्यांचं १९२९ चं पुस्तक आजही वाचलं जातं. त्यानंतर गुगेनहाइम शिष्यवृत्ती घेऊन त्या ग्वातेमालात गेल्या. चिचिकास्तेनांगोतलं त्यांचं क्षेत्रकार्य १९३० ते १९३२ या काळातलं. पुस्तक छापून आलं १९५२ मध्ये. या दोन तारखा लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे.

आधी गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर, एल किचे प्रांतात. ‘चिचिकास्तेनांगो’ हे नाव स्पॅनिश सैन्याबरोबर आलेल्या नावात्ल भाषकांनी दिलेलं. अंगाला लागली की आग होते अशा चिचिकास्ते नावाच्या झुडपांची जागा, असा त्याचा अर्थ. किचे माया लोकांचं स्वतःचं नाव वेगळं आहे : चुविला. चौकात सोळाव्या शतकातलं सान्तो तोमास चर्च. त्याच्या अर्धवर्तुळाकार पायऱ्यांवर सकाळपासून कोपाल धुपाचा धूर. आत जमिनीवर मेणबत्त्या, फुलांच्या पाकळ्या आणि पूर्वजांसाठी शिंपडलेली दारू. विधी करणाऱ्याला ‘चुचकाहाव’ म्हणतात, शब्दशः ‘आई-बाप’. मराठीत ‘मायबाप’ म्हणताना जो आदर आणि जी भीती एकत्र येते, ती इथेही आहे. गुरुवारी आणि रविवारी बाजार भरतो. डिसेंबरात २१ तारखेला सान्तो तोमासचा मुख्य दिवस, त्याच्या आधी आठवडाभर उत्सव, उंच खांबावरून दोरीला लटकून गरगरत खाली येणारी माणसं, स्पॅनिश विजयाचं सोंग वठवणारे मुखवटेधारी नाचे. अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इथेच फ्रान्सिस्को खिमेनेस या धर्मगुरूने ‘पोपोल वुह’ची किचे प्रत उतरवून घेतली आणि शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिलं. ज्यावरून त्याने ते उतरवलं ते मूळ हस्तलिखित हरवलं. त्याची प्रत आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे.

इथपर्यंत कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत मिळेल. आता पहिला प्रश्न, जो आपल्या आराखड्यांत कुणी विचारतच नाही : या गावात राहतं कोण?

उत्तर गमतीदार आहे. बंझेल गेल्या त्या काळात गावठाणात कायम वस्ती होती ती मुख्यतः लादिनोंची. लादिनो म्हणजे स्पॅनिश बोलणारे, स्वतःला आदिवासी न मानणारे. दुकानदार, कारकून, दारूचे परवानाधारक. ज्यांच्या श्रद्धा-परंपरांसाठी गाव प्रसिद्ध, ते किचे लोक आजूबाजूच्या डोंगरांत, मक्याच्या शेतांमध्ये विखरून राहत. गावात त्यांचं घर असलं तरी बहुतेक दिवस कुलूप लावलेलं. ते उघडायचं बाजाराला, उत्सवाला, नाहीतर मानाचं पद वाट्याला आलं तर त्या वर्षापुरतं. १९३४-३५ मध्ये इथेच काम केलेल्या सॉल टॅक्स यांनी १९३७ च्या लेखात अशा प्रकाराला ‘रिकामं गाव’ म्हटलं आणि सांगितलं की अभ्यासाचं एकक हे गावठाण नसून पूर्ण ‘मुनिसिपिओ’ आहे, म्हणजे मध्यवर्ती गाव आणि त्याच्या भोवतालच्या सगळ्या वाड्या. म्हणजे चौकात उभं राहून तुम्ही ‘गावाची परंपरा’ टिपत असाल, तर तुम्ही टिपता ती बाजारात आलेल्या पाहुण्यांची परंपरा, आणि यजमान कोण तर दारूचं दुकान चालवणारा.

बंझेल यांनी हे नीट पाहिलंय. माझ्या मते पुस्तकाचं पहिलं मोठेपण इथे आहे. त्या चौकात थांबल्या नाहीत, शेतातल्या घरांकडे गेल्या, आणि तिथे त्यांना सापडली ती जमीन.

पुस्तकाचा गाभा म्हणजे पूर्वज. हे पूर्वज आपल्या पितरांसारखे वर्षातून पंधरा दिवस येऊन जेवून जाणारे नाहीत. ते जमिनीचे आणि घराचे खरे मालक आहेत, जिवंत माणूस फक्त त्यांच्या परवानगीने राहणारा कूळ. मक्याचं पीक, घर, अंगण सगळं त्यांचं. घरात कुणी आजारी पडलं की प्रश्न येतो : कुणी कुणाशी वाईट वागलं? बापाला उलट बोललास का? भावाशी भांडलास का? पूर्वज बघत असतात आणि शिक्षा देतात. मग चुचकाहावकडे जायचं. तो त्झिते झाडाच्या लाल बिया (आपल्याकडच्या पांगाऱ्याच्याच जातकुळीतलं झाड) मूठभर घेऊन मांडतो आणि २६० दिवसांच्या पंचांगावर मोजत जातो. वीस दिवसनावं, तेरा आकडे, त्यांच्या जोड्या. उत्तर येतं, कबुली होते, मेणबत्त्या लागतात, धूप जळतो, दारू शिंपडली जाते.

आता हे ‘लोकश्रद्धा’ या प्रकरणात टाकून बघा. पूर्वजांची श्रद्धा, भविष्य पाहण्याची पद्धत, पंचांग अशी तीन उपशीर्षकं मिळतील आणि मुद्दा निसटून जाईल. मुद्दा असा आहे की जमीन बापाच्या हातात आहे, मुलगा लग्न होऊनही बापाच्या शब्दाखाली आहे, जमीन कधी आणि किती मिळणार हे त्याला माहीत नाही, आणि बापाविरुद्धचा प्रत्येक राग हा पूर्वजांविरुद्धचा अपराध ठरतो. श्रद्धा इथे वारसाहक्काच्या कायद्याचं काम करते आहे. बंझेल यांनी लोकांच्या लांबलचक प्रार्थना, कबुल्या, तक्रारी त्यांच्याच शब्दांत दिल्या आहेत. बोआस यांच्या शिष्यांची ही खोड : आधी मजकूर, मग मत. पानंच्या पानं प्रार्थना वाचताना कंटाळा येतो, मलाही आला. पण तीन-चार प्रार्थना झाल्यावर लक्षात येतं की माणूस देवाशी बोलता बोलता भावकीबद्दल बोलतोय.

हे पुस्तकाचं बळ. आता भांडण.

१९४० मध्ये, म्हणजे पुस्तकाच्या बारा वर्षं आधी, बंझेल यांनी ‘सायकिॲट्री’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय : दोन मध्य अमेरिकी संस्कृतींमधलं दारूचं स्थान. एक चिचिकास्तेनांगो, दुसरं चामुला. चामुला खरं तर मेक्सिकोच्या चियापासमध्ये येतं, पण माया प्रदेश सीमा बघत नाही, ते ठीक. मानववंशशास्त्रात केवळ मद्यपानावर लिहिलेला हा अगदी सुरुवातीचा लेख मानला जातो. त्यांची तुलना थोडक्यात अशी : चामुलात पिणं लहानपणापासून, सगळ्यांच्या सोबतीने, आणि त्यात फारसं अपराधीपण नाही. चिचिकास्तेनांगोत पिणं विधीत आवश्यक आहे, पण बाकी वेळी ते स्फोटासारखं येतं : भांडणं, मारामाऱ्या, रडणं, आणि दुसऱ्या दिवशी खोल पश्चात्ताप. कारण? बापाच्या धाकात दबलेला राग. माणूस शुद्धीत असताना बापाला काही बोलू शकत नाही, दारूत बोलतो, आणि मग पूर्वजांना घाबरतो.

तर्क सुंदर आहे. लेखाची रचनासुद्धा शिकण्यासारखी आहे, कारण दोन गावं घेतल्यामुळे ‘आदिवासी पितातच’ या आळशी वाक्याची जागाच उरत नाही. पण त्याच लेखात, काही पानांच्या अंतराने, आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे. पॅसिफिक उतारावरच्या कॉफी मळ्यांचे दलाल बाजारात येतात. दारू उधारीवर मिळते. माणूस पितो, उचल घेतो, वहीत अंगठा उठतो, आणि त्या उचलीच्या बदल्यात त्याला काही महिने खाली मळ्यात राबायला जावं लागतं. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘उचल’ आणि ‘मुकादम’ हे दोन शब्द उच्चारले की बीड आणि अहिल्यानगरमधून ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्या नि ट्रॅक्टर डोळ्यांपुढे येतात. (साम्य व्यवस्थेच्या सांगाड्याचं आहे, इतिहासाचं नाही. ग्वातेमालात १८७१ नंतरच्या उदारमतवादी सरकारांनी सक्तीच्या मजुरीला कायद्याचाच आधार दिला होता.)

म्हणजे पुरावा बंझेल यांच्याकडे आहे. त्यांनी तो लपवलेला नाही, आणि हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण स्पष्टीकरण द्यायची वेळ येते तेव्हा त्यांचं वजन बापलेकाच्या नात्यावर पडतं आणि उचलीची वही मागे राहते. त्या काळच्या अमेरिकेत मनोविश्लेषणाचं वारं जोरात होतं, लेख कुठे छापला आहे ते बघा म्हणजे कळेल. त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो आणि तो करायलाच हवा : कॉफी मळ्यांची उचल चामुलालाही लागू होती. दोन्हीकडे कर्ज सारखंच असेल तर पिण्यातला फरक कर्जाने कसा समजावणार? फरक घरातच शोधावा लागेल.

हा युक्तिवाद तगडा आहे, पण पुरा नाही. बापाच्या हातातल्या जमिनीला एवढी धार का आली? जमीन कमी आहे म्हणून. मक्यावर वर्ष निघत नाही म्हणून. मुलाने बापाचं ऐकलं नाही तर त्याच्यापुढे दुसरी वाट कुठली? खाली मळ्यात जाणं. म्हणजे घरातला धाक आणि दलालाची वही या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत, एकाच दोरीची दोन टोकं आहेत. बंझेल दोन्ही टोकं दाखवतात आणि दोरी ओढून बघत नाहीत. तुमच्या स्वतःच्या कामातही हे शोधा : एकाच प्रबंधात माहिती एका दिशेला आणि सिद्धान्त दुसऱ्या दिशेला चाललेला असतो. चांगल्या पुस्तकात तर हे हटकून सापडतं, कारण वाईट पुस्तकात सिद्धान्ताला अडचणीची होईल अशी माहिती येतच नाही.

आता त्या दोन तारखा. क्षेत्रकार्य १९३०-३२, प्रकाशन १९५२. फेब्रुवारी १९३१ मध्ये, बंझेल यांच्या क्षेत्रकार्याच्या काळातच, जनरल होर्हे उबिको सत्तेवर आला. १९३४ मध्ये त्याने कर्जाची वेठबिगारी रद्द केली आणि लगेच ‘भटकेपणा’चा कायदा आणला : पुरेशी जमीन नसलेल्याने वर्षात ठरावीक दिवस मजुरी केल्याचं दाखवायचं, नाहीतर शिक्षा. उचलीची वही गेली, सरकारी हजेरीपुस्तक आलं. १९४४ मध्ये उबिको पडला. आणि जून १९५२ मध्ये, ज्या वर्षी हे जमिनीने भरलेलं पुस्तक बाहेर पडलं, त्याच वर्षी आर्बेन्स सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला. दोनच वर्षांत, १९५४ मध्ये, सीआयएच्या मदतीने ते सरकार उलथवलं गेलं.

पुस्तकात मात्र सगळं वर्तमानकाळात चालतं. लोक असं करतात, असं मानतात, मुलगा बापाला असं म्हणतो. याला आपल्या विषयात ‘वांशिक वर्तमानकाळ’ म्हणतात. वाचायला तो छान वाटतो, पण वाचकाला असं भासतं की हे गाव घड्याळाच्या बाहेर आहे. त्या काळच्या बहुतेकांनी असंच लिहिलं, म्हणून एकट्या बंझेल यांना दोष देणं बरं नाही. तरी वीस वर्षांनी छापताना, ज्या कर्जव्यवस्थेचं वर्णन केलं ती कायद्याने संपली आहे याचा ताण पुस्तकाच्या वाक्यरचनेत उतरायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

खाण्याबद्दल काहीच बोललो नाही म्हणून कुणी रागावेल. खाणं हाच तर या सगळ्याचा धागा आहे. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर ठेवायचा, धुवायचा, दगडी पाट्यावर वाटायचा, मग तोर्तिया थापायच्या किंवा पानात गुंडाळून तमाल उकडायचे. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन शरीराला मिळतं. मका युरोपात गेला पण चुना मागेच राहिला, आणि इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांमध्ये पेलाग्रा पसरला. (दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्येही पेलाग्रा दिसला आणि हैदराबादला कोलाथूर गोपालन यांनी त्यावर मोठं काम केलं. तो वेगळ्या लेखाचा विषय.) म्हणजे ‘पारंपरिक पाककृती’ म्हणून जे आपण चौकटीत टाकतो, त्यात एक शरीरशास्त्र आहे. आणि एक अर्थशास्त्रही आहे, ते जास्त महत्त्वाचं : संताच्या मंडळाचं, म्हणजे ‘कोफ्राडिया’चं मानकरीपद घेतलं की वर्षभर जेवणावळी, मेणबत्त्या, फटाके, दारू यांचा खर्च स्वतः करायचा. मान मोठा, खड्डाही मोठा. तो खड्डा भरायला माणूस पुन्हा कुठे जातो, हे आता सांगायला नको.

इथे पुस्तकाची दुसरी उणीव दिसते. आवाज मोठा आहे तो प्रार्थना म्हणणाऱ्यांचा. जे दाणे दळतात, ज्या चुलीपुढे बसतात, त्यांच्या तोंडून हा खर्च ऐकायला मिळाला असता तर कोफ्राडियाचं चित्र बदललं असतं, असा माझा कयास. तुम्ही जत्रेवर काम करणार असाल तर नैवेद्याच्या पदार्थांची यादी करण्याआधी एकच विचारा : किती किलो, कुणाच्या पैशाने, आणि किती बायकांच्या किती तासांनी? पाककृती त्यानंतर लिहिली तरी चालेल.

अभ्यासक्रमाशी याचा संबंध काय, असं नेटची तयारी करणारे विचारतील. थेट संबंध आहे. ‘महान परंपरा आणि लघु परंपरा’ ही जोडी तुम्ही पाठ करता ती रॉबर्ट रेडफिल्ड आणि मिल्टन सिंगर यांची. रेडफिल्ड यांची त्यामागची ‘लोकसमाज’ ही कल्पना मेक्सिको आणि युकातानच्या गावांमध्ये घडली, ग्वातेमालातही त्यांनी टॅक्स यांच्यासोबत काम केलं. १९५५ मध्ये मॅकिम मॅरियट यांनी संपादित केलेल्या ‘व्हिलेज इंडिया’तून ही शब्दावली भारतीय खेड्यांवर स्थिरावली. म्हणजे आपण आपल्या गावाकडे ज्या चष्म्यातून बघतो त्याच्या काचा बऱ्याच अंशी याच प्रदेशात घासल्या गेल्या. आणि चिचिकास्तेनांगो त्या काचांना नीट बसत नाही. पायऱ्यांवर धूप जाळणारा चुचकाहाव लघु परंपरेचा, आणि त्याच चर्चशेजारी उतरवलेलं ‘पोपोल वुह’ महान परंपरेचं? की दोन्ही एकच, आणि मधली रेघ परीक्षेपुरती? मला दुसरं जास्त पटतं.

बंझेल यांच्या जोडीला दोन पुस्तकं घ्या. एक, बार्बरा टेडलॉक यांचं १९८२ चं ‘टाइम अँड द हायलँड माया’. जवळच्याच मोमोस्तेनांगोत त्या आणि त्यांचे पती डेनिस टेडलॉक नुसते प्रश्न विचारत बसले नाहीत, तर दिवस मोजणाऱ्याकडे शागीर्द राहिले आणि १९७६ मध्ये रीतसर दीक्षा घेतली. त्यातून कळतं की पंचांगातल्या दिवसाचा अर्थ तक्त्यात बसवलेला नसतो. दिवसाच्या नावाशी ध्वनीने जुळणारी वाक्यं असतात, आणि समोरच्या माणसाचा प्रश्न बघून त्यातलं नेमकं कुठलं लागू पडतं ते मोजणारा ठरवतो. ‘दिवस आणि त्यांचे अर्थ’ असा तक्ता करून परिशिष्टात टाकणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

दुसरं, रिकार्दो फाया यांचं १९७८ चं ‘किचे रेबेल्दे’. एल किचे प्रांतातल्याच सान अंतोनियो इलोतेनांगोवरचं. फाया हे जेझुइट धर्मगुरू आणि मानववंशशास्त्रज्ञ. पूर्वजांच्या प्रथा सोडून ‘कॅथलिक ॲक्शन’ या सुधारणावादी चळवळीत लोक का गेले, याचा शोध ते १९४८ पासून घेतात आणि धर्मांतराचा धागा व्यापाराशी जोडतात : गावाबाहेर फिरून व्यापार करणाऱ्यांच्या हाती स्वतःचा पैसा आला, त्यांना बापाच्या जमिनीची वाट बघायची गरज कमी झाली, आणि मानकरीपदाचा व दारूचा खर्च त्यांना नकोसा झाला. बंझेल यांच्या पानांवर गप्प बसलेला तो मुलगा पुढच्या पिढीत काय करतो, ते इथे दिसतं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी १९४० चा लेख, मग १९५२ च्या पुस्तकातली जमीन आणि वारसाहक्काची प्रकरणं, मग फाया. प्रार्थना शेवटी वाचा. तेव्हा त्या वेगळ्याच ऐकू येतात.